डिव्हिडंडवरची चूल

ह्यांचं वर्षश्राद्ध झालं त्या दिवशी पंगती उठल्यावर माझी दोन्ही पोरं माझ्यापुढं येऊन बसली. दोघं शेजारी शेजारी, मांडी घालून. लहानपणी काही फोडलं-सांडलं की अशीच येऊन बसायची. मी ओळखलं, काहीतरी ठरवून आलेत.

थोरला लालासाहेब साताऱ्याला कचेरीत आहे, तिथंच त्यानं फ्लॅट घेतलाय. धाकटा मानसिंग इथं कुंडलला ऊस बघतो. वाटण्या ह्यांच्या हयातीतच झाल्या. घर मानसिंगच्या वाटणीला, मागच्या दोन खोल्या मात्र हयातभर माझ्या, आणि वर्षाची ज्वारी-गहू दोघांनी मिळून मला घालायची, असं ह्यांनी पंचांपुढं बोलून ठेवलं होतं. माणूस फारसा बोलका नव्हता, पण बोलायचा ते नेमकं.

"आई," लालासाहेब म्हणाला, "आमी ठरवलंय. सहा महिने तू माझ्याकडं, सहा महिने मानसिंगकडं. कुणाचं मन दुखायला नको."

"आणि गेट कुणाच्या हातात?" मी विचारलं.

"कसला गेट?"

"कॅनॉलचा. पाळीनं सोडायला मी पाणीच हाय न्हवं?"

मानसिंग हसला. लालासाहेब हसला नाही. तो बापासारखा, हसायला त्याला आधी विचार करावा लागतो.

पाळी म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको. माझी नणंद मनुबाई वडूजला दिलीय. तिला तीन पोरं. दर चार महिन्यांनी ती एका पोराकडून दुसऱ्याकडं जाते. पोरं वाईट नाहीत, सुनाही बऱ्या आहेत. पण मनुबाईची पिशवी कधी पुरती रिकामी होत नाही. कुठल्या फळीवर आपलं लुगडं ठेवायचं ते कळेपर्यंत निघायची वेळ होते. तिची गुडघ्याची गोळी कायम दुसऱ्या पोराच्या घरी राहिलेली असते. एवढी दांडगी बाई, सगळ्या वडूजला ऐकू जाईल असं बोलायची, आता कुठल्याही घरात पाण्याचा तांब्या उचलताना आधी सुनेकडं बघते. ते बघून मी तेव्हाच ठरवलं होतं.

"मी माझ्या दोन खोल्यांत राहणार," मी म्हटलं. "माझी चूल येगळी."

लालासाहेबाचा चेहरा पडला. "लोक काय म्हणतील, आई? बाप जाऊन वरीस झालं आणि पोरांनी आईला टाकली. येगळं शिजवून खाती म्हातारी. मला कचेरीत तोंड दाखवता येईल का?"

"म्हातारी कुणाला म्हणतूयास?"

"आणि खर्च?" मानसिंग म्हणाला. "धान्य हाय, ते बराबर. तेल, मीठ, गॅस, लाईट, तुझ्या बीपीच्या गोळ्या? आमच्याकडनं घेणार का न्हाई?"

"रुपाया घेणार न्हाई."

"मग आणणार कुठनं?"

पैसे होते. कडेगावच्या बाजूला माझ्या नावावर थोडं रान होतं. रस्ता रुंद झाला त्यात ते गेलं आणि त्याचे अकरा लाख माझ्या खात्यावर आले होते. मानसिंगला त्यात ट्रॅक्टर दिसत होता. लालासाहेबाला बँकेतली ठेव दिसत होती. मला पोस्टाचा अनुभव होता. ह्यांनी फार मागं पोस्टात पैसे टाकले होते. सुरुवातीला त्या व्याजात सबंध महिन्याचा बाजार यायचा. पुढं पुढं तेवढ्याच व्याजात नुसतं तेल यायला लागलं. व्याज जागच्या जागी बसून राहतं, बाजार काही बसत नाही.

तेव्हा दारातनं प्रियदर्शनी बोलली. ही लालासाहेबाची लेक, सांगलीला नोकरी करते, खोली घेऊन राहते आणि सुट्टी मिळाली की बापाकडं जायचं सोडून माझ्याकडं येते.

"आज्जी, चांगल्या कंपन्यांचे शेअर घे. विकायला नाही, ठेवायला. त्या वर्षाला डिव्हिडंड देतात. नफ्यातला तुझा वाटा."

"पिऊ, गप बस," लालासाहेब म्हणाला. "जुगार हाय तो."

एवढं बोलला तो, आणि माझं ठरलं. मला कुणी नको म्हटलं की मला ती गोष्ट बघावीच लागते.

"आत्ताच दिवाळी सरलीया, पुढच्या दिवाळीपत्तोर," मी दोघांना म्हटलं. "तुमच्याकडनं रुपाया घेणार न्हाई, आणि घेतलेला शेअर मोडून खाणार न्हाई. वर्ष काढलं तर माझी चूल माझी. न्हाई निघालं तर मी आपणहून पिशवी भरीन आणि तुमच्या पाळीनं हिंडीन. मनुबाईगत."

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. म्हातारी दोन महिन्यांत दमेल, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

आता शेअर म्हणजे आम्हाला कारखान्याचा शेअर ठाऊक. ऊस घालायचा आणि दिवाळीला सभासदाची सवलतीची साखर आणायची. तो शेअर कुणी विकत नाही, बापाकडनं पोराकडं जातो. प्रियदर्शनी म्हणाली, साधारण तसंच, फक्त साखरेच्या जागी पैसे येतात आणि कंपनी कुठलीही असते.

तिनं बरंच समजावलं. मला नीट कळलं ते मात्र अख्तरबीच्या म्हशीमुळं.

अख्तरबी आमच्या मागच्या गल्लीत राहते. बांगड्या विकते. माझी एक म्हैस तिच्याकडं अर्धलीनं आहे. म्हणजे म्हैस माझी, वैरण-पाणी आणि सांभाळ तिचा, दूध निम्मं निम्मं, आणि रेडकू एका वेताचं तिला, एका वेताचं मला. ती म्हैस बाजारात आज कितीला जाईल हे मी रोज उठून विचारते का? म्हैस विकायचीच नाही तर भाव कशाला विचारायचा? सकाळी चरवी येते का, एवढंच बघायचं.

"म्हंजी म्हैस माझी, सांभाळणार कंपनी, आणि दुधाचा वाटा मला," मी म्हटलं.

"अगदी तेच, आज्जी."

"मग सरळ सांगायचं. एवढा वेळ इंग्रजीत कशाला घोळ घातलास?"

अख्तरबी तिथंच बसली होती. ती म्हणाली, "वैनी, व्याज आमाला चालत न्हाई. पर धंद्यातला वाटा म्हनला तर तो येगळा. दारूच्या कंपनीचा नसला म्हंजी झालं."

"मला दारूचीबी नको आणि सिगारेटचीबी नको," मी म्हटलं. "हे तंबाखूच्या खोकल्यानं गेले. त्यांच्या खोकल्यावर मी डिव्हिडंड खाणार न्हाई."

"अगं, पण त्या चांगला देतात..." प्रियदर्शनी म्हणाली.

"देऊ देत."

तीन लाख आजारपणाला म्हणून बँकेत ठेवले. ते पक्कं ठरवलं, त्याला हात लावायचा नाही. राहिलेल्या आठात प्रियदर्शनीनं जुन्या, रुळलेल्या कंपन्या निवडल्या. एक विजेच्या मोठ्या तारा ओढणारी, एक कोळशाची, एक साबण-तेलाची, अशा. कुठली किती वर्षं न चुकता देत आलीय, ते तिनं बघितलं. शंभराला चार-पाच देणाऱ्या. मला ते कमी वाटलं. चार शेर दुधाची म्हैस कोण कुणाला कौतुकानं सांगतं? पण मी गप्प बसले.

गप्प बसणं माझ्या अंगाला फार दिवस मानवत नाही.

पौषात मानसिंगच्या ओळखीचा एकजण घरी आला होता. चहा पिता पिता त्यानं मोबाईलवर एक कंपनी दाखवली. शंभराला अठरा! मी डोळे चोळून पुन्हा बघितलं. लगेच प्रियदर्शनीला फोन लावला.

"कोळशाची निम्मी काढ आणि ही घे."

"आज्जी, थांब जरा. ह्या कंपनीनं मागच्या सगळ्या वर्षांत काही दिलेलं नाही. ह्याच वर्षी एकदम एवढं का देतेय ते मला बघू दे."

"देतीया ते देतीया. देणाऱ्याला का म्हणून विचारत न्हाईत."

"आज्जी, ऐक ना माझं."

"पैसं कुणाचं?"

पोरगी शिकलेली आहे, पण माझ्यापुढं बोलायला आणखी दहा वर्षं लागतील तिला. घेतली मी. आणि खरंच पुढच्या महिन्यात खात्यावर छत्तीस हजार आले. मी मेसेज सगळ्या घराला दाखवला. मानसिंगला दोनदा दाखवला. शालनला, म्हणजे धाकट्या सुनेला, चुलीपुढनं उठवून दाखवला.

"आत्या, मग आता सोनं घ्या," शालन म्हणाली.

"सोनं दूध देतं व्हय?"

आणि ते छत्तीसच्या छत्तीस मी त्याच कंपनीत परत घातले. माझा हिशोब सरळ होता. आता दर तीन-चार महिन्यांनी असंच येणार. मग मी शालनलाच महिन्याला खर्ची देईन, असंही माझ्या मनात येऊन गेलं. देवाला माझं मन दिसत असेल तर त्या दिवशी तो हसला असेल.

फाल्गुनात भाव पडायला लागला. विकायची नाही तर भाव कशाला बघायचा, असं म्हणत मी रोज बघत होते. चैत्रात काही आलं नाही. प्रियदर्शनी सांगलीहून आली, तिनं सगळं शोधून काढलं होतं. त्या कंपनीनं आपला जुना कारखाना बंद केला, त्याची शहरातली जागा विकली, आणि त्याचे आलेले पैसे एकदाच वाटून टाकले. धंदा असा राहिलाच नव्हता. आता देण्यासारखं काही नव्हतं.

"म्हणजे पुढच्या साली?" मी विचारलं.

"पुढच्या साली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. डिव्हिडंडएवढा भाव तर त्याच दिवशी उतरला होता, आज्जी. नंतर आणखी उतरला."

अख्तरबी दुधाची चरवी घेऊन आली होती, उंबऱ्यातच उभी राहून ऐकत होती. ती हसायला लागली. आधी पदर तोंडाला लावला, मग पदरानं आवरेना.

"काय झालं गं दात काढायला?"

"बनुवैनी, राग मानू नगा. पर मला म्हशी बघायला कुणी शिकवलं? तुमीच न्हवं? बाजारात तट्ट कास बघून भुलायचं न्हाई, दोन वक्ताचं दूध न काढता आणलेली असती, म्हनून कुणी सांगितलं? सांजपत्तोर थांबायचं, आपल्या हातानं धार काढून बघायची, मग पैसं मोजायचं..."

"पुरं आता."

"आणि तुमीच तट्ट कास बघून..."

"अख्तर, तुझी चरवी घे आणि नीघ."

ती गेली, पण गल्लीच्या टोकापर्यंत तिचं हसू ऐकू येत होतं. आणि तिचं काही चुकलं नव्हतं. साऱ्या कुंडलात म्हैस घ्यायला जाताना लोक मला विचारून जातात. मी कास हातानं दाबून बघते, सडं बघते, मालकाच्या तोंडाकडं बघते. आणि इथं मोबाईलच्या काचेवरचं बघून भुलले. बाजारातल्या व्यापाऱ्याला तरी मी ओळखते. इथं मला वाटलं, एवढी मोठी कंपनी, ती कशाला कास फुगवून आणील?

चूक झाली ती झाली. पण तिचा खरा चटका वैशाखात बसला. बऱ्या कंपन्यांचं मुख्य देणं पावसाळ्यात असतं, त्यांच्या सभा झाल्यावर. माघात-फाल्गुनात थोडं थोडं आलं होतं, ते औषधाला आणि लाईटबिलाला गेलं. ते छत्तीस हजार हातात असते तर सबंध उन्हाळा मांडी घालून बसून काढला असता. आता खात्यावर जेमतेम गोळ्यांपुरतं होतं, आणि त्यातच गॅस संपला.

मी परसात तीन दगड मांडले. शेणी होत्या, तुराट्या होत्या. भाकरी उलट चांगली लागते. पण धूर लपत नाही. शालनला स्वयंपाकघराच्या खिडकीतनं दिसला. ती सिलेंडर ढकलत ढकलत माझ्या दारात घेऊन आली.

"आत्या, आमच्याकडं जादाचा पडलाय."

"पडू दे."

"घ्या की. मी कुणाला सांगणार न्हाई."

"मला तर ठाऊक असंल."

ती उभी राहिली. शालन तशी फटकळ आहे, माझ्याच हाताखाली तयार झालीय. पण तेव्हा तिचा आवाज बारीक झाला. "आत्या, आमी एवढी परकी झालो व्हय?"

"परकी न्हाईस. म्हणून तर तुझ्याकडनं घ्यायचं न्हाई. आज सिलेंडर घेतला की उद्या मिठाला तुझ्या तोंडाकडं बघीन. मग तू मला जड व्हशील आणि मी तुला."

तिनं सिलेंडर परत ढकलत नेला. त्या दिवसापासनं ती खिडकीतनं बघायची, पण बोलायची नाही.

त्यातच गावची यात्रा आली. यात्रेला माहेरवाशिणी येतात, त्यांना गोडाचं जेवण, दुसऱ्या दिवशी मटण, आणि जाताना साडी. मी ह्या घरात आल्यापासनं मनुबाई एकदाही साडीशिवाय परत गेलेली नाही. दुष्काळ पडला त्या सालीही नाही. ती मीच नेसवत आले, माझ्या हातानं. आता घर मानसिंगचं, साडी शालन देईल, रीत म्हणून. पण मनुबाई माझी नणंद. माझी चूल वेगळी असेल तर माझ्या चुलीवरनं तिला रिकामी कशी पाठवू?

प्रियदर्शनी यात्रेला आली होती. माझ्या तोंडाकडं बघून तिला कळलं असावं. हळूच म्हणाली, "आज्जी, साबण-तेलाच्या कंपनीतले थोडे विकू? एका साडीपुरते. त्याचा भाव वाढलाय. कुणाला कळणारही नाही."

खरं सांगायचं तर मी तिच्या मोबाईलकडं बघितलं. एक बोट लावायचं काम होतं.

"नको," मी म्हटलं. "दुभती म्हैस साडीसाठी काढत न्हाईत. ठेव तो मोबाईल."

मनुबाई दुसऱ्या दिवशी आली. एका हातात पिशवी, एका हातात काठी. अंगणात भावकीतल्या बायका बसल्या होत्या. तिनं एकदा शालनच्या स्वयंपाकघराकडं बघितलं, एकदा परसातल्या धुराकडं.

"वैनी, ह्या साली दोन चुली दिसत्यात. मी कुठल्या चुलीवर जेवायचं?"

"तुला कुठल्या पायजे?"

"शालनकडं मटनाचा वास येतूया."

"माझ्याकडं आमटी-भाकरी आणि मिरचीचा खर्डा."

ती काठी टेकत आली आणि माझ्या दगडांपुढं बसली. "मटन काय पळून जात न्हाई. पर मला एक सांग." आणि मग तिनं सगळ्या वडूजला ऐकू जायचा तो जुना आवाज काढला. "पोरांनी टाकली व्हय तुला?"

अंगणातल्या बायकांच्या माना माझ्याकडं वळल्या. दारात लालासाहेब उभा होता, मानसिंग पाहुण्यांना पाणी देत होता, तो तसाच तांब्या हातात धरून थांबला. लालासाहेबानं मान खाली घातली. ह्याच एका वाक्याची त्याला पहिल्यापासनं धास्ती होती.

"न्हाई," मी म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "पोरांनी न्हाई टाकली. पोरं पाया पडत हुती, चल म्हणत हुती. मीच येगळी निघाली. सून दारात सिलेंडर घेऊन आली, तिला मी परत धाडली. मी कंपन्यांच्या शेअरवर जगतीया. आणि त्यात एक वाईट घेतला, म्हणून यंदा माझ्याकडं पैसं न्हाईत. मनुबाई, ह्या साली तुला माझ्याकडनं साडी न्हाई. शालन देईल ती घे. माझी माझ्या पैशानं देईन, पर आत्ता न्हाई."

'माझ्याकडं पैसं न्हाईत' हे वाक्य मी उभ्या जन्मात कुणापुढं बोलले नव्हते. कान तापले माझे. एखादी हसली असती तर तिचं काही खरं नव्हतं.

मनुबाईनं भाकरीचा तुकडा मोडला, खर्ड्याला लावला, खाल्ला. पाणी प्याली. मग म्हणाली, "तुझ्या घरात तू कुणाला इचारून पाणी पितीस?"

"कुणाला इचारायचं? माझा माठ हाय."

"व्हय," ती म्हणाली. "तुझा माठ हाय."

आणि तिनं आणखी एक भाकरी मागून घेतली.

आषाढ लागला आणि मोबाईल वाजायला लागला. पहिल्यांदा तारांच्या कंपनीचं आलं. मग साबण-तेलाचं, त्या कंपनीनं शेअरला गेल्या सालापेक्षा जास्त दिलं. कोळशाचं कमी आलं, माझ्याकडं त्याची निम्मीच राहिली होती, ती माझीच करणी. पाऊस चालू होता, सांगलीचा रस्ता दोन दिवस बंद होता, तरी पैसे येत होते. ते मला नवल वाटायचं. उसाचं बिल आणायचं तर तोडणीची टोळी येते का, गाडी मिळते का, वजनकाटा कधी होतो, सगळं बघावं लागतं. इथं मी शेंगा फोडत बसलेली असायची आणि टिंग वाजायचं.

सिलेंडर आणला. शालनला हाक मारून दाखवला. "दिसला," ती म्हणाली, "आता तोंडानं जरा गोड बोला, त्याला पैसं पडत न्हाईत." मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

ती फुगवलेली कंपनी श्रावणात काढून टाकली. प्रियदर्शनी म्हणाली तशी. बराच तोटा झाला. राहिले ते तिच्या सांगण्यानं तारांच्या कंपनीत घातले, आणि ह्या वेळी मी 'पैसं कुणाचं' असं विचारलं नाही. डिव्हिडंड येईल त्यातला निम्मा कोरड्या महिन्यांसाठी बाजूला काढायचा, हे मात्र मी माझं ठरवलं. वैशाखातला धूर डोळ्यांत गेला होता, तो विसरण्यासारखा नव्हता.

दिवाळीला लालासाहेब गाडी घेऊन आला. पाडव्याला मी दोन्ही पोरांना माझ्या खोलीत जेवायला बसवलं, माझ्या गॅसवर, माझ्या साखरेच्या करंज्या. जेवण झाल्यावर ती परत मांड्या घालून बसली. शेजारी शेजारी.

"रुपाया घेतला न्हाई," मी म्हटलं. "वर्ष निघालं. पर एक सांगायचं हाय. शेअर मोडणार न्हाई म्हटलं हुतं. दोन मोडले, आधी कोळशाचा निम्मा आणि मग तो फुगवलेला. खाल्ले न्हाईत, बदलले. पर दुसरा तोट्यात मोडला. आठ लाखातलं थोडं बुडालं. बोलीला धरून चालायचं तर मी हरली. काय ते तुमी ठरवा."

हे मी सांगितलं नसतं तर लालासाहेबाला कधीच कळलं नसतं. पण मग चूल माझी असून माझी वाटली नसती.

लालासाहेबानं मानसिंगकडं बघितलं. मग मानसिंगच म्हणाला, "दादा, आटलेलं जनावर बदललं तिनं. गोठा कुठं मोडलाय?"

"मी ते न्हाई बघत," लालासाहेब म्हणाला. "मनुआत्याचं बघतोय. परवा साताऱ्याला बारशात भेटली. सगळ्या पाहुण्यांत सांगत हुती, माझ्या वैनीला पोरांनी टाकली न्हाई, ती कंपन्यांची मालकीण हाय. कचेरीतला साहेब मला विचारायला लागला, तुमच्या आई कुठले शेअर घेतात?"

"मग काय सांगितलंस?"

"सांगितलं, सिगारेटचं घेत न्हाई." आणि तो हसला. विचार न करता.

मग म्हणाला, "चूल तुझी, आई. पर सणासुदीला तरी येशील का न्हाई आमच्याकडं?"

ह्या पोराला वाटत होतं की मी वेगळी निघाले म्हणजे त्याच्यापासनं वेगळी निघाले. वर्षभर तेच मनात धरून बसला होता. मला आधी कळायला पाहिजे होतं.

"उद्याच येती," मी म्हटलं. "आठ दिवस. पाहुणी म्हणून. पाहुणीला विचारून चहा करायचा, थोरल्या सूनबाईला सांगून ठेव. आणि गाडी वडूजवरनं घ्यायची, वळसा पडला तरी चालंल."

"वडूजला काय?"

मी ट्रंकेतनं साडी काढून दाखवली. हिरवी, बारीक काठाची. आदल्या आठवड्यात अख्तरबीला घेऊन सांगलीला जाऊन आणली होती. अख्तरबीनं दुकानदाराला पाच साड्या उलगडायला लावल्या आणि प्रत्येक साडी हातानं दाबून, माझ्याकडं बघून, "वैनी, ही फुगवलेली न्हाई न्हवं?" असं विचारत होती. तिला मी ह्या जन्मात माफ करणार नाही.

सकाळी निघताना शालन दारात आली. "आत्या, तुमच्या खोल्या झाडून घेत जाऊ का?"

"झाड. माठात रोज ताजं पाणी भर. पर गॅस पेटवू नगंस."

"का?"

"मी आल्यावर पेटवीन."